उतारावर न्यूट्रल नको

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी पेट्रोल वाचवायचे सहा उपाय दिले होते. पाच ठीक आहेत. ‘उतार लागला की गाडी न्यूट्रल करावी’ हा सहावा वाचता वाचता माझी तव्यावरची पोळी करपली. मी मनीषनगरात मेस चालवते. रोजचे साठ डबे आणि एका होस्टेलचं वरणाचं पातेलं माझ्या पाच गिअरच्या गाडीतून मीच पोचवते. हा सहावा उपाय मी चार वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या घाटात करून पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट महिना, गाडीत आम्ही पाच जण आणि परतवाड्याकडची उतरण. ज्या क्लासमध्ये मी गाडी शिकले, तिथल्या सरांनी सांगून ठेवलं होतं, ‘मॅडम, उतारावर गाडी आपोआप जाते, कशाला पेट्रोल जाळता?’ तेव्हा गिअर काढला, उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि निघाले. चार-पाच वळणं झाली असतील, जळका वास यायला लागला. मला वाटलं, बाहेर कुणी टायर जाळतंय. पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं, ओल्या कणकेत पाय जावा तसं. कसाबसा दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी लावली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला, तेवढ्यात वर चढणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून थांबवलं, ‘पाणी टाकू नका, डिस्क वाकडी होईल!’ पाऊण तास आम्ही दगडावर बसून राहिलो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

माझे मामा परतवाडा डेपोत ड्रायव्हर होते, त्याच घाटात त्यांची नोकरी झाली. घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, ‘काहून वं, गाडीले गिअर का शोभेसाठी देल्ले हायेत?’

मग त्यांनी समजावलं. गाडी न्यूट्रलमध्ये असली की तिला मागे धरून ठेवणारं ब्रेकशिवाय काही उरत नाही. उताराचा सगळा जोर उष्णता होऊन ब्रेकमध्ये जातो. पॅड तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे जुनं झालेलं तेल लवकर उकळतं. तेलात वाफ झाली की पेडल दाबून वाफच दबते, ब्रेक लागत नाही. माझं तेल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नव्हतं. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असेल, तर चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि इंजिनच गाडीला आवरून धरतं. काही जण तर उतारावर इंजिन बंद करतात. त्यांना हात जोडते. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

पुढच्या रविवारी मेस बंद ठेवून मामांनी मला रामटेकला नेलं. आपलं नागपूर ताटासारखं सपाट, गडावर जाणारा रस्ता हाच आमचा घाट. मामांची अट एकच होती, मागे पातेल्यात पाणी भरून ठेवायचं, झाकण न लावता. उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेकनं वेग कमी करायचा. मग क्लच दाबायचा, चौथ्यातून तिसरा टाकायचा, आणि क्लच सोडायच्या आत अ‍ॅक्सिलरेटरला जराशी टिचकी मारायची. हे टिचकी प्रकरण मला कुठल्याही क्लासनं सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीत ताशी ४० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण १,५०० फेरे घेतं, तिसऱ्यात त्याच वेगाला २,००० च्या वर. हा फरक पायानं भरून काढला नाही, तर क्लच सोडताच चाकं इंजिनला खेचून तिथवर नेतात, तोच तो हिसका. पहिल्या फेरीत अर्धं पाणी सीटखाली गेलं. ‘आवाज आईक इंजिनचा, काट्याकडे नको पाहू,’ मामा सारखं म्हणत होते. सातव्या-आठव्या वेळी गिअर असा पडला की पाणी नुसतं थरथरलं. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी खिशातून सुपारी काढली.

त्यांच्या जुन्या गाड्यांत तर डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. चुकलं तर गिअर ओरडायचा आणि अख्खी बस ड्रायव्हरकडे बघायची. आताच्या गाड्यांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरबॉक्समधला दोन गिअरांचा वेग जुळवणारा भाग, ते काम करतो, तेवढी मेहनत आपल्याला नाही. मामांचं एक वाक्य मात्र मी थोडं बदलून घेतलं आहे. ‘ज्या गिअरात घाट चढला, त्याच गिअरात उतर’ हे जुन्या बसला बरोबर होतं. आजच्या गाड्या तिसऱ्यात मजेत चढतात, पण भरलेली गाडी उतरताना तिसरा अपुरा पडतो. ब्रेकवर पाय वारंवार जायला लागला की समजायचं, अजून एक गिअर खाली हवा. पावसात मात्र क्लच हळूच सोडायचा, नाहीतर पुढची चाकं घसरतात. आणि गिअरनं वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून मागून कुणी येत असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करायचा.

आता पेट्रोलचं. त्या गृहस्थांचा उपाय कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या, काळातला आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो; तिथे गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर फेरे आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाच्या फेऱ्यांच्या, जवळ येईपर्यंत इंजिनला पेट्रोल जातच नाही, चाकंच ते फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवण्यापुरतं तरी पेट्रोल जळतंच. मग वाचलं काय?

हे सगळं सीताबर्डीच्या सिग्नलवर करत बसायची गरज नाही. तिथे ब्रेक मारावा आणि इंजिन कुंथायला लागायच्या आत क्लच दाबावा. पॅड स्वस्त असतात, क्लच प्लेट महाग पडते. समृद्धीवरून बाहेर पडताना मात्र उपयोग होतो. तासभर १२० नं चालवल्यावर ६० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं, डोळे फसवतात. तेव्हा आधी ब्रेक, मग पाचव्यातून थेट तिसरा टाकला तरी चालतो. फक्त हात चुकून दुसऱ्यात जाऊ नये, इंजिनचं वाटोळं होईल.

माझी तक्रार वेगळीच आहे. भाच्यानं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून दाखवला. लायसन्सच्या परीक्षेत उमेदवारानं काय करून दाखवायचं, याची तिथे यादी आहे. रहदारीची गरज पडेल तेव्हा वरच्या गिअरवरून झटकन खाली येणं आणि उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं, दोन्ही त्यात आहेत. म्हणजे नवा नियम कुणी मागत नाही. मी वीस दिवसांची फी भरली, त्यात एक ते चार चढायला शिकले आणि मैदानावर आठचा आकडा काढला. खाली उतरणं मला मामांनी शिकवलं.

शहरातल्या क्लासवाल्यांना विनंती, वीसपैकी एक दिवस उतारासाठी ठेवा. सेमिनरी हिल्स जवळ आहे, पण तिथे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, शिकाऊ गाडी नेऊ नका. रामटेकच बरं. पातेलं माझं घेऊन जा.

आपली,
एक मेसवाली वाचक,
मनीषनगर, नागपूर