सिल्व्हर्टनला दोन तास पुरत नाहीत

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कोलोराडोमधल्या ड्युरँगोहून वर डोंगरात सिल्व्हर्टन गावाला जाणाऱ्या रेल्वेगाडीवरचा लेख वाचला. फोटो एक नंबर, पण सगळं कौतुक गाडीचंच आणि गाडी जिथं जाते त्या गावाला शेवटी जेमतेम दोन ओळी, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही दोघं मागच्या वर्षी जाऊन आलोय. गाडीत मजा येते, नाही असं नाही. रूळांमधलं अंतर फक्त ३ फूट, म्हणजे डोंगर कमी फोडावा लागतो आणि वळणं आवळून घेता येतात, त्यामुळे एके ठिकाणी गाडी कड्याला इतकी चिकटून जाते की खिडकीतून खाली बघितलं तर जमीन दिसतच नाही, थेट अ‍ॅनिमस नदी. बायकोने त्यानंतर खिडकीकडे बघितलंच नाही.

साडेतीन तासांनी गाडी सिल्व्हर्टनला भर वस्तीत रस्त्यावरच येऊन थांबते, उतरलं की पायाखाली माती, आणि दोनेक तासांनी परत खाली निघते. एवढी माणसं एकदम उतरतात आणि सगळ्यांना भूक एकाच वेळी लागलेली. दोन तासांतला दीड तास आमचा जेवायच्या रांगेत गेला, उरलेल्या वेळात फ्रिजवर लावायचा मॅग्नेट घेतला, तेवढ्यात शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने भाड्याची कार काढली आणि परत वर जाऊन मुक्कामच ठोकला. शेवटची गाडी खाली गेली आणि दहा मिनिटांत रस्ता असा सामसूम झाला की एक कुत्रं मधोमध येऊन पसरलं. गाव सहाएकशे वस्तीचं, उंची ९,३१८ फूट, चार पावलं चढलं तरी धाप लागते.

१८८२ च्या जुलैत इथं रेल्वे आली ती चांदी-सोन्याची खनिजं खाली न्यायला, टुरिस्ट कुणाच्या डोक्यातही नव्हते. पुढे या एवढ्याशा गावात चार-चार रेल्वे होत्या! त्यातल्या काही काढणारा ऑटो मीअर्स तर बड्या लोकांना फुकट प्रवासाचे पास द्यायचा ते चक्क चांदीचे (बाकी लोक कागदावर भागवायचे). १८९३ ला चांदीचा भाव कोसळला, शेवटची मोठी खाण १९९१ ला बंद पडली, तीन रेल्वेंचे रूळ त्याच्या कितीतरी आधीच उखडले होते. युरेका या जुन्या खाणगावाकडे जाणारा मातीचा रस्ता बराचसा त्या जुन्या रुळांच्या वाटेनेच जातो, चालताना कळतं, चढ इतका हळू की माणसांसाठी काढलेला नाही, इंजिनासाठी काढलाय.

गावाच्या वर टेकडीवर दफनभूमी आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत या गावातली शंभरावर माणसं काही आठवड्यांत गेली, त्यातली कितीतरी तिथंच पुरलीत. आम्ही संध्याकाळी चढून गेलो तर वर आम्ही दोघंच, बायको बराच वेळ एका छोट्या दगडापाशी उभी होती, काही बोलली नाही. दोन तासांत तिथवर कोण चढणार?

तेव्हा पुन्हा कधी लेख छापलात तर एवढं नक्की टाका, की गाडीने वर जा पण परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा, तसं मिळतं, आणि जेवण गाडी गेल्यावर करा, रांग नसते.

आपला नेहमीचा वाचक