हॅकेथॉनचे मार्क दाखवायला अडचण काय?

संपादक महोदय,

हॅकेथॉनचा, म्हणजे ठरावीक तासांत सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धेचा, निकाल लागला की विजेत्यांचे फोटो लगेच येतात, मार्क मात्र कुणाला दिसत नाहीत. रात्रभर जागून कोड लिहायचा आणि शेवटी दोन-चार मिनिटांच्या डेमोवर सगळं ठरणार, त्यात परीक्षक वेगवेगळ्या पॅनलमध्ये वाटलेले, एका पॅनलचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता, आणि ते मार्क तसेच्या तसे एका यादीत लावले की कडक पॅनलकडे गेलेली टीम गेलीच! उपाय नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅकएमआयटी या हॅकेथॉनसाठी बनलेल्या गॅव्हल या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सिस्टीममध्ये परीक्षक मार्क देतच नाहीत, आत्ता पाहिलेलं प्रोजेक्ट आधीच्यापेक्षा सरस की नाही एवढंच सांगतात, बाकी गणित सॉफ्टवेअर करतं. तेवढं नको तर निदान गिटची कमिट हिस्ट्री, म्हणजे कोडमध्ये कधी काय बदललं याची नोंद, तरी उघडा. पहिल्याच नोंदीत (कमिटमध्ये) अख्खं ॲप आलं असेल तर हे कधी बनवलं, असं विचारायला नको? परीक्षकाच्या ओळखीतली टीम असेल तर तेवढ्यापुरतं त्याने बाजूला बसावं, हे सांगावं लागतं हेच नवल. (स्पॉन्सरचं एपीआय, म्हणजे त्यांची सेवा आपल्या ॲपला जोडायची सोय, वापरलं म्हणून वेगळं बक्षीस द्या खुशाल, पण आधी सांगून.) आणि हरलेल्या टीमलाही तिचे मार्क मेल करा, शीट तर तयारच असते ना.

– एक स्पर्धक