‘कुटुंबवत्सल’च्या पलीकडे

महोदय,

निधनवार्तांच्या ठरीव भाषेवरचा रविवार पुरवणीतील लेख पटला. पण सगळा दोष घरच्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. मजकूर द्यायचा असतो स्मशानातून परतल्यावर, तोही वृत्तपत्राचे पान लागायच्या आत, आणि जाहिरातीचा दर पडतो चौरस सेंटीमीटरवर. अशा वेळी ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ हेच हाताशी येते. खाली ‘शोकाकुल’मध्ये मुलगे, जावई, नातू; आजोबांना वेळेवर गोळ्या देणारी सून मात्र बहुधा ‘समस्त परिवारा’त.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी फक्त नाव, वय आणि अंत्यविधी व्हायचा असेल तर त्याची वेळ व ठिकाण द्यावे. स्मरणाचा मजकूर दशक्रियेच्या जाहिरातीसाठी राखला, तर निवांत आठवडा मिळतो. तीन विशेषणे गाळली की एका खऱ्या वाक्याची जागा निघते: ‘दर जूनमध्ये नातवंडांच्या वह्यांना खाकी कव्हरे घालून, कोपरे नखाने दाबून देणारे आजोबा.’ एवढ्याने माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

चुका मात्र तारखांत होतात. दहावा मोजताना निधनाचा दिवस पहिला धरतात. ३ तारखेला निधन, तर १२ला दशक्रिया. वर्षश्राद्ध तिथीने येते, म्हणून पुण्यस्मरणाची जाहिरात तिथीने की तारखेने, हे घरात आधी ठरवावे. छायाचित्र आधार कार्डावरून मोठे करू नये, चेहरा काळवंडतो. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

– एक वाचक, पुणे