ईमेल सॉफ्टवेअरने सामायिक फाइल बदलू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील लहान कारखान्यांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. नवे ईमेल सॉफ्टवेअर बसवल्यावर हिशेबाच्या प्रोग्रामचे मेलशी असलेले नाते तुटते, ही तक्रार तेथे नेहमी ऐकू येते आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

विंडोजमध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून मेलचे काम करून घेण्यासाठी 'मॅपी' ही व्यवस्था आहे आणि तिची 'मॅपी३२.डीएलएल' ही फाइल सर्व प्रोग्रामांसाठी सामायिक असते. ती प्रत्यक्षात केवळ मध्यस्थ आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, मुख्य म्हणून नोंदलेला ईमेल प्रोग्राम शोधून ती काम त्याच्या स्वतःच्या लायब्ररीकडे, म्हणजे इतर प्रोग्रामांनाही वापरता येणाऱ्या डीएलएल फाइलकडे, सोपवते. म्हणूनच प्रत्येक उत्पादकाने आपली लायब्ररी आपल्याच फोल्डरमध्ये ठेवून तिचा पत्ता रजिस्ट्रीत नोंदवावा, हीच योग्य रीत होय. पूर्वी काही प्रोग्राम ही सामायिक फाइलच बदलून टाकत आणि पुढे ते काढले की इतरांचेही काम अडे.

आता अडचण निराळी आहे. आउटलुक हा ईमेल प्रोग्राम ज्यात येतो त्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची, २०१९ च्या आवृत्तीपासून, वेगळी निवड न केल्यास ६४ बिटची (एका वेळी अधिक माहिती हाताळणारी) आवृत्ती बसते, तर अनेक कारखान्यांतील जुने हिशेबाचे प्रोग्राम ३२ बिटचे आहेत. एका प्रकारच्या प्रोग्रामला दुसऱ्या प्रकारची लायब्ररी आपल्यात घेता येत नाही. साधे मेल पाठवण्याचे काम वगळता मॅपीची बाकीची कामे थांबतात आणि आउटलुक व्यवस्थित चालू असूनही मुख्य ईमेल प्रोग्राम नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी कोणत्यातरी संकेतस्थळावरून डीएलएल फाइल उतरवून ती सिस्टिमच्या फोल्डरमध्ये चिकटवली जाते, हे मला सर्वांत चिंताजनक वाटते. तिच्यात काय दडले आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि बिटची तफावत तिने मिटतही नाही. सामायिक फाइलच बदलली गेल्याचा संशय असेल, तर विंडोजमध्येच असलेला 'फिक्समॅपी' प्रोग्राम ती पूर्ववत करतो.

सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी आपला प्रोग्राम किती बिटचा आहे आणि तो कोणत्या सामायिक फाइलवर अवलंबून आहे, हे दरपत्रकातच लिहून द्यावे. ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशनने आपल्या सभासदांना खरेदीपूर्वी ही माहिती लेखी मागण्याची सूचना करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक व्यावसायिक, ठाणे (पश्चिम)