काट्यावरची बंडी

वणीजवळून,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय विज्या,

"तुझा करंट अडकला म्हणजे नेमकं काय झालं, ते एकदा नीट लिही," म्हणालास. तर घे. सीतादही, म्हणजे वेच्याआधीची पूजा, उरकली, वेचा सुरू आहे, दुपारभर लाइन नाही.

परवा बाबांबरोबर कापूस घेऊन जिनिंगवर गेलो. तिथल्या वजनकाट्यावर एकच बंडी, म्हणजे बैलगाडी, मावते. ती उतरल्याशिवाय मागची चढत नाही. माझ्या प्रयोगातला क्वांटम डॉट असाच. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातला, इलेक्ट्रॉन अडकवणारा शंभरेक नॅनोमीटरचा खळगा. आत बसलेला इलेक्ट्रॉन पुढच्याला रेटतो. शिरायचं तर ऊर्जेचे एखाद-दोन मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट जास्तीचे मोजावे लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेचीच 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची धांदल, तिथं रांग कोण पाळतो? म्हणून हेलियम-3 आणि हेलियम-4 च्या मिश्रणावर चालणाऱ्या फ्रिजात नमुना 20-30 मिलिकेल्व्हिनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करायचा.

माझ्याकडे असे दोन डॉट, शेजारी शेजारी. सरळ व्होल्टेज दिलं की करंट वाहायचा, उलटं दिलं की ठप्प. तीन दिवस मी केबली बदलत बसलो. गाढवपणा! वायर तुटली असती तर दोन्हीकडून बंद पडला असता ना. हे पाउलीच्या नियमाचं काम: एका जागेत सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन राहत नाहीत. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकी गुण, वर किंवा खाली. उजव्या डॉटात एक इलेक्ट्रॉन आधीच मुक्कामाला. उलट्या व्होल्टेजला डावीकडून येणाऱ्याचा स्पिन त्याच्या उलट असला तर दोघं एका जागेत नांदतात. सारखाच असला तर तो डावीकडंच अडतो, आणि त्याच्यामागं सगळी रांग. जपानी भौतिकशास्त्रज्ञ तारुचांच्या गटानं 2002 मध्ये हेच दाखवलेलं. पेपर मी वाचला होता, तरी.

अडलेलाही अधूनमधून सुटतो. भोवतालच्या लाखो अणुकेंद्रकांना स्वतःचा स्पिन असतो, ती इलेक्ट्रॉनचा स्पिन कलंडवतात. काही मिलिटेस्लांचं चुंबकीय क्षेत्र लावल्यावर तो गळका करंटही आटला, तेव्हा खात्री पटली. आता सिलिकॉनकडं वळावं म्हणतो. सिलिकॉन-28 च्या केंद्रकाला स्पिनच नाही. खोडी काढणारा सिलिकॉन-29 निसर्गात जेमतेम 4.7 टक्के.

बाबांना काट्याचं पटलं. स्पिनपाशी मात्र मी गोता खाल्ला.

"भोवऱ्यावानी फिरते काय?"

नाही, फिरत नाही, म्हटलं.

"मंग स्पिन कायले म्हनता?"

मी गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "अडकला त किती वेळ अडकते?"

क्षेत्र लावलं तर सेकंदाचा हजारावा हिस्साही, मी सांगितलं.

"येवढंच? आमी त रातभर अडकतो."

गुरुवारी निघतोय. आई तुझ्यासाठी जवसाची चटणी बांधून देते आहे. नागपूर स्टेशनवर ये, नाहीतर गाडीतच संपवीन.

तुझा,
बाळ्या