यंदा आगोटीच्या आधी

ठाणे,
मे महिना

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई ताबडतोब फणसपोळीवर येते. म्हणून पत्र. बाबांनी आजवर कुणाचं पत्र अर्धवट वाचून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

मुद्दा आधीच सांगते. यंदाचा पाऊस तुम्ही दोघांनी राजापूरला, पूर चढणाऱ्या पेठेतल्या घरात काढू नये. ठाण्याला या, असं मी म्हणत नाही. आमच्या गॅलरीत बाबांचे चार दिवस कसे जातात ते मला ठाऊक आहे. राजापूर सोडायचं नाही, फक्त उतार सोडायचा. वर चढावर दोन खोल्या भाड्याने बघायच्या, पावसाळ्यासाठी आगोटीची बेगमी तिथेच भरायची आणि श्रावण संपेपर्यंत राहायचं. गणपती आपल्याच घरात बसेल, त्याबद्दल वाद नाही.

बाबांचं उत्तर मला पाठ आहे. ‘अर्जुनेचं पाणी आमच्या पणजोबांपासून येतंय. येतं नि जातं.’ बाबा, पाणी तेच असेलही. नदी ती राहिलेली नाही, आणि हे मला तुम्हीच शिकवलंत.

लहानपणी तुम्ही मला बंदर धक्क्यावर न्यायचात आणि तिथल्या चिखलाकडे बोट दाखवून गलबतांच्या गोष्टी सांगायचात. घाटावरची मिरी नि कापड इथे उतरायचं आणि अरबांची गलबतं ते घेऊन जायची. इंग्रजांनी १६४९ साली इथे वखार घातली, मागाहून फ्रेंचही आले. मग तुमचा आवाज चढायचा: १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर अडकलेले असताना वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन तोफा नि दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला, इंग्रजांचं निशाण फडकवून तोफा डागल्या, आणि १६६१ च्या मार्चमध्ये महाराजांनी राजापुरात येऊन ती वखार खणून काढली. इंग्रज कैदेत पडले ते १६६३ पर्यंत. त्यातली खरी गंमत तुम्ही शेवटासाठी राखून ठेवायचात. तेच इंग्रज १६७४ मध्ये राज्याभिषेकाला नजराणे घेऊन रायगडावर हजर, आणि त्यांचा वकील ऑक्झेंडन याने केलेल्या तहात राजापूरच्या नुकसानीचे दहा हजार होन कबूल करून घेतले! व्यापारी माणूस वसुली विसरत नाही, असं तुम्ही दुकानाच्या उधारीच्या वहीकडे बघत म्हणायचात.

ती गोष्ट अजून आवडते. पण हल्ली माझं लक्ष धक्क्याकडेच जातं. समुद्रापासून इतक्या आत, खाडीच्या टोकाला, गलबतं येत होती म्हणून ही पेठ झाली. १८८० च्या गॅझेटियरमध्ये राजापूरचं वर्णन आहे: कोकणातलं सर्वांत जुनाट वळणाचं आणि उत्तम टिकलेलं शहर, अरुंद चढाचे रस्ते, फरसबंद नि वरून झाकलेला बाजार. वाचताना कौतुक वाटतं. त्याच पानावर असंही आहे की मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. म्हणजे बंदर तेव्हाच संपत आलं होतं. महाराजांनी नाही, इंग्रजांनी नाही, गाळाने संपवलं. डोंगर उघडे पडत गेले, माती ओढ्यांना, तिथून अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्यांना. त्याच गाळावरून आता पाणी जवाहर चौकात येतं. मध्यंतरी यंत्रं लावून उपसा झाला, चांगलंच झालं. पण वरून येणारी माती थांबलेली नाही. त्यातून भरतीची वेळ गाठली, तर चढलेलं पाणी ओसरायचं नाव घेत नाही. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलंय.

पूर कसा येतो ते शहरातल्या लोकांना सांगून कळत नाही. त्यांना वाटतं, नदी समोरून चालत येते. आपल्याकडे तो आधी परसातल्या मोरीतून वर येतो. न्हाणीघरात गढूळ पाणी बुडबुडायला लागलं की आई देव वर न्यायची आणि बाबा दुकानाच्या फळ्या काढायचे. शीळचा रस्ता पाण्याखाली गेला अशी बातमी यायची, मग नगरपरिषदेचा भोंगा. भोंग्यानंतरचा तो अर्धा तास मला जसाच्या तसा आठवतो. तांदळाची पोती, साखर, तेलाचे डबे, सगळं जिन्यावरून हातोहात वर. त्या ओळीत कोण उभा आहे याची कुणी चौकशी करत नसे. समोरचे बोहरी, पलीकडचे मासळीवाले, मशिदीकडची पोरं. आपलं उरकलं की बाबा त्यांच्याकडे. आई माळ्यावर स्टोव्ह पेटवून पंधरावीस माणसांचा चहा टाकायची, आणि खाली पायऱ्या एकेक बुडत असायच्या.

माझं म्हणणं इथेच आहे. पुराची भीती मला एवढी नाही. ती ओळ आता कुठून आणणार? आपल्या आळीत किती घरांना कुलपं आहेत ते आईने मोजून बघावं. मी ठाण्यात, दादा पुण्यात, बोहऱ्यांची मुलं आखातात. मे महिन्यात आणि गणपतीला गाव भरतं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि ऐन जुलैत, भोंगा वाजतो तेव्हा, पेठेत पासष्टीच्या पुढची माणसंच तेवढी उरतात. गेल्या वर्षी बाबांनी पोती एकट्याने वर नेली. ‘दोनच होती’ असं आई म्हणाली. दोन पोती म्हणजे शंभर किलो, आई. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माणसाने.

आता तुमच्या बाकीच्या हरकती. गंगा आली तर? हा प्रश्न आईचा. आपली राजापूरची गंगा, जमिनीतून अधूनमधून उगवणारं ते पाणी, तिच्या मर्जीने येते. तीन वर्षांनी येते असं आपण म्हणतो, हल्ली तर तोही नेम राहिलेला नाही. आली तर चढावरच्या खोलीतूनही तिच्या कुंडांपर्यंत, उन्हाळे गावाला, रिक्षा जाते. चौदा कुंडांची आंघोळ चुकणार नाही, गरम पाण्याचा झरा तर बारमाही आहे. धूतपापेश्वरच्या देवळाचं म्हणशील तर ऐन पावसात त्या पायऱ्यांवर तुम्ही दोघांनी जाऊच नये. मृडानी नदीचा धबधबा देवळातून ऐकू येतो तेवढा पुरे.

बाबांची हरकत वेगळी. बारसूच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, कातळशिल्पं बघायला कुणी आलं की लोक तुम्हाला बोलावतात, आणि पेठेत नसलात तर तुम्ही सापडणार कसे? २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ती शिल्पं गेल्यापासून तुमचा भाव वाढलाय, मान्य. पण पावसाळ्यात त्या सड्यावर गवत आणि शेवाळ. तेव्हा कोण येणार? (बारसूच्या रिफायनरीच्या वादावर या पत्रात मी काही लिहीत नाही. २०२३ च्या एप्रिलमधल्या आंदोलनानंतर दादा आणि मी त्या विषयावर बोलणं बंद केलंय, तुम्हीही करावं.)

भाडं मी आणि दादा निम्मं निम्मं देऊ. एसटी स्टँडच्या वरच्या अंगाला बघितलं तर दवाखाना नि बाजार दोन्ही चालत. जिना नको, पाणी चोवीस तास नसलं तरी चालेल, मागे दोन हात उन्हाची जागा मात्र हवी, नाहीतर आईची सांडगी-पापडांची भांडणं माझ्याशी सुरू होतील. दुकान दिवसा उघडायचं तर उघडा. सकाळी खाली या, दिवेलागणीआधी वर जा. खाली माल मात्र एका माणसाला उचलता येईल एवढाच ठेवायचा. जुन्या उधारीच्या वह्या आणि आजोबांचे मोडी कागद पहिल्याच फेरीत वर न्यायचे; ते भिजले तर वाळवून भागत नाही.

मी मेच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकते आहे. तुतारी एक्सप्रेसने येईन. राजापूर रोड स्टेशनला उतरल्यावर गावापर्यंतचं ते लांबलचक अंतर आहेच, तेव्हा ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवा. दादा दोन दिवस मागून गाडी घेऊन येईल, म्हणजे कपाट आणि आईची शिवणाची मशीन हलेल.

आई, फणसपोळी करून ठेव, पण त्यावर विषय बदलू नकोस. बाबा, ‘बघू’ हे उत्तर धरलं जाणार नाही. हो की नाही ते लिहा, आणि हो असेल तर खोली बघायला कधी जाताय तो वारही लिहा.

तुमची,
ताई