चेन बिघडली म्हणून दप्तर टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास दप्तरांच्या दुकानांत गर्दी उसळते आणि त्याच दिवसांत कचऱ्याच्या गाडीत धडधाकट कापडाची, पट्टे शाबूत असलेली जुनी दप्तरं पडलेली दिसतात. त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते : चेन लागत नाही, किंवा लागते आणि मागून उघडत येते. ‘चेन गेली’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. प्रत्यक्षात चेन पुष्कळदा चांगली असते, तिचे दाते जागच्या जागी असतात. गेलेला असतो तो तिच्यावरून धावणारा रनर, आणि तो बदलण्याचं काम अर्ध्या तासाचंही नसतं. बॅगा-दप्तरं दुरुस्त करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. ते घराघरांत पोचावं यासाठी हे पत्र.

रनर का झिजतो हे समजून घ्यायचं तर चेन घडली कशी ते पाहावं लागतं. शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसन यांना २९ ऑगस्ट १८९३ रोजी बुटांच्या बंदासाठी दोन पेटंटं मिळाली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत चेनचा शोध त्यांच्याच नावावर असतो. सरकत्या तुकड्याने दोन कडा जोडायच्या ही त्यांची कल्पना मोलाची होती, पण त्यांची रचना आकडे आणि कड्यांची होती. ती वाकली किंवा ताणली गेली की आकडे सुटत. आज आपण वापरतो ती चेन गिडिअन सुंडबॅक यांची आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि विजेचं अभियांत्रिकी शिकलेले सुंडबॅक १९०६ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकन इथे जडसन यांची चेन बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. आकड्यांची चेन सुधारण्यात त्यांची काही वर्षं गेली. मग त्यांनी आकडे पूर्ण काढून टाकले आणि एका बाजूच्या धातूच्या जबड्यांनी दुसऱ्या बाजूची जाड कापडी कड पकडायची असं करून पाहिलं. ती चेन लागायची छान, पण जबड्यांनी कापड कुरतडलं जायचं आणि थोड्याच वापरात कड फाटायची. तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना एकसारखे धातूचे दाते बसवले. १९१३ मध्ये ही रचना तयार झाली आणि २० मार्च १९१७ रोजी तिला अमेरिकेचं १२१९८८१ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

या दात्याकडे नीट पाहिलं तर सगळी युक्ती तिथेच आहे. प्रत्येक दात्याच्या एका अंगाला बारीक उंचवटा असतो आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. चेन बंद असताना एकाचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात बसलेला असतो आणि तो पुढचा दाता समोरच्या कापडी पट्टीवरचा असतो. म्हणून आडवं कितीही ओढलं तरी दाते एकमेकांतून सुटत नाहीत. मात्र पट्टी वाकवली की तिच्यावरचे दाते पंख्यासारखे फाकतात आणि मधल्या फटीत समोरचा दाता शिरू किंवा निघू शकतो. रनर नेमकं एवढंच करतो. त्याच्या एका टोकाला दोन तोंडं आणि दुसऱ्या टोकाला एकच तोंड असतं, मध्ये पाचर असते. दोन तोंडांतून येणाऱ्या पट्ट्या पाचरीभोवती वाकतात, दाते फाकतात, एकमेकांत शिरतात, आणि मागच्या एका तोंडातून बाहेर पडताना वरच्या-खालच्या पत्र्यांमध्ये दाबले जाऊन घट्ट बसतात. उघडताना तीच पाचर त्यांना वेगळं करते. जडसन यांच्या काळात एका इंचात चारच्या आसपास जोड बसत. सुंडबॅक यांनी ते दहा-अकरावर नेले. एवढे बारीक आणि तंतोतंत एकसारखे दाते हाताने बनवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यासाठीचं यंत्रही त्यांनीच उभं केलं. वाय अक्षराच्या आकाराची तार त्यात जायची, तिचे काप पडायचे, प्रत्येकावर उंचवटा आणि खळगा ठोकला जायचा आणि तो पट्टीवर आवळला जायचा. तारेचा आकारच दात्याचा असल्यामुळे धातू वाया जात नसे. मला स्वतःला दात्याइतकंच हे यंत्र मोठं वाटतं, कारण त्याच्याशिवाय चेन पेटंटाच्या कागदावरच राहिली असती. पहिल्या महायुद्धात ती नाविकांच्या पैसे ठेवायच्या कमरपट्ट्यांना लागली, १९२३ पासून गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांना, आणि पँटला लागायला १९३०चं दशक उजाडलं. दप्तरांना हल्ली असते ती नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन पुष्कळ नंतरची. तिथे सुट्या दात्यांऐवजी एक सलग तार असते, पण रनरचं काम तेच.

आता बिघाडाकडे येऊ. दात्यांना दाबून बसवण्याचा सगळा भार रनरच्या मागच्या तोंडाजवळच्या दोन कडांवर येतो. दप्तर वह्यांनी गच्च भरलं की दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात, आणि मूल रनर जोरात ओढून त्या जवळ आणतं. प्रत्येक वेळी त्या कडा केसभर फाकतात, शिवाय आतून घासतात. वरच्या आणि खालच्या पत्र्यांतली फट वाढत जाते. मग दाते एकमेकांसमोर येतात पण पुरते दाबले जात नाहीत, आणि रनर पुढे गेला की मागे चेन उघडी पडते. चेन सगळीकडे अशी मागून उघडत असेल तर दोष रनरचा. नेमक्या एकाच जागी उघडत असेल तर तिथला दाता वाकलेला, गळलेला किंवा नायलॉनचं वेटोळं तुटलेलं असतं, आणि तिथे नवा रनर घालून उपयोग नाही. पँटची चेन आपोआप खाली सरकत असेल तर बिघाड तिसराच : रनरच्या आत एक बारीक खिळा असतो, तो रनरला लटकणारी ओढपट्टी खाली पाडली की दात्यांत अडकतो. त्याची स्प्रिंग गेली की चेन थांबत नाही.

रनर फाकला असेल तर आधी पक्कड वापरून पाहावी. चेन पूर्ण उघडून रनर सुरुवातीच्या टोकाला आणा. ज्या बाजूला एकच तोंड आहे तिथली डावी कड पक्कडीच्या जबड्यात धरा, एक जबडा वरच्या पत्र्यावर, एक खालच्या, आणि हलकेच दाबा. मग तेवढंच उजवीकडे. चेन लावून पाहा, कमी पडलं तर पुन्हा थोडं. दोन्ही बाजूंना सारखं दाबणं महत्त्वाचं, नाहीतर रनर तिरका चालतो आणि एकाच बाजूचे दाते खातो. एका दमात जोर लावू नये. दप्तरांचे रनर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, ते वाकण्याआधी तडकतात. पितळेचे जास्त सोसतात. ओढपट्टी ज्या कमानीत अडकवलेली असते ती दाबायची नाही, आणि दोन तोंडांच्या बाजूलाही पक्कड लावायची नाही. या उपायाने काही आठवडे किंवा महिने निघतात, पण आतून झिजलेला धातू परत येत नाही. दुसऱ्यांदा दाबायची वेळ आली की रनर बदलावा.

बदलताना चूक होते ती माप निवडण्यात. रनरच्या पाठीवर ३, ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो, कधी त्याला अक्षर जोडलेलं असतं. बंद चेनच्या दात्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली तर ती साधारण या आकड्याच्या आसपास भरते. पँटला अनेकदा ३ किंवा ४, दप्तराला ५ किंवा ८, प्रवासी बॅगेला ८ किंवा १०. पण आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही. धातूच्या दात्यांचा, प्लास्टिकच्या ठोकळेवजा दात्यांचा आणि नायलॉन वेटोळ्याचा ५ नंबर हे तीन वेगळे रनर आहेत, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. वेटोळं आतल्या बाजूला ठेवून वरून सपाट दिसणारी चेन असते, तिचाही रनर वेगळा. त्यामुळे दुकानात जाताना जुना रनर खिशात न्यावा, शक्य तर बॅगच न्यावी. पँटला अडकणाऱ्या खिळ्याचाच रनर हवा. दप्तराला साधा, न अडकणारा बरा, लहान मुलांच्या हाताला तो सोपा जातो.

बसवताना चेनच्या सुरुवातीच्या टोकाची, म्हणजे उघडी असताना रनर जिथे थांबतो तिथली शिवण दोन-तीन सेंटीमीटर उसवा. टोकाला रनर अडवणारा धातूचा स्टॉपर असेल तर तो कटरने काढा, पट्टी कापली जाणार नाही हे बघून. जुना रनर बाहेर घ्या. पट्ट्यांची टोकं कातरून सरळ करा आणि धागे सुटत असतील तर काडीची आच लांबूनच दाखवा. नव्या रनरच्या दोन तोंडांत दोन पट्ट्या एकाच वेळी, सारख्या आत सारा, ओढपट्टी बॅगेच्या बाहेरच्या बाजूला ठेवून. मग दोन्ही टोकं एका हाताच्या चिमटीत घट्ट धरून रनर पुढे ओढा. इथे घाई केली तर एक पट्टी दोन-तीन दाते पुढे जाते. चेन लागते, पण शेवटी एका बाजूला फुगा राहतो आणि बॅगेचं तोंड वाकडं दिसतं. असं झालं तर रनर मागे आणून काढा आणि पुन्हा घाला. ओढून-ताणून सरळ करायला जाऊ नका. जमलं की टोकापासून सेंटीमीटरभर आत जाड दोऱ्याने दात्यांवरून सात-आठ आडवे टाके घालून गाठ मारा, हाच नवा स्टॉपर. मग उसवलेली शिवण बंद करा.

जॅकेटची चेन दोन भागांत सुटते, तिथे पद्धत बदलते. खाली एका पट्टीला पिन आणि दुसरीला डबी असते. डबीमुळे रनर खालून घालता येत नाही. त्यामुळे डबीच्या बाजूच्या पट्टीचा वरचा स्टॉपर काढून तिथून रनर घालायचा, दोन तोंडं गळ्याकडे ठेवून, तो खाली डबीपर्यंत आणायचा आणि वर पुन्हा स्टॉपर आवळायचा. पिनेजवळची पट्टी उसवून मऊ पडली असेल तर मात्र सगळी चेनच बदलावी लागते, कारण पिन सरळ उभी राहिली नाही तर ती डबीत बसत नाही.

जपणूक सोपी आहे. गच्च भरलेल्या बॅगेची चेन लावताना आधी दोन्ही काठ हाताने जवळ आणावेत, मग रनर ओढावा. एवढ्या सवयीने रनरचं आयुष्य पुष्कळ वाढतं. कपडे धुताना चेन बंद असावी. नायलॉन चेनवर गरम इस्त्री फिरवली की वेटोळं चपटं होतं आणि ते पुन्हा सरळ होत नाही. चेन जड चालत असेल तर मेणबत्ती घासावी, धातूच्या दात्यांवर शिसपेन्सिलही चालते. खोबरेल तेल लावायची पद्धत मोडायला हवी, तेलाला धूळ चिकटते आणि ती धूळच रनर आतून घासते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत धातूच्या चेनवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड धरते. जुन्या दातब्रशने ती काढून, साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर मेण लावावं.

शेवटी दप्तरं बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना दोन विनंत्या. चेनची टोकं अस्तराच्या आत चार थरांखाली शिवून टाकतात, त्यामुळे रनर बदलायला अर्धी बॅग उसवावी लागते. सुरुवातीचं टोक एका शिवणीत मोकळं करता येईल असं ठेवावं. आणि शर्टाच्या आतल्या पट्टीला जसं जादा बटण शिवलेलं असतं तसा प्रत्येक दप्तराच्या आतल्या खिशात एक जादा रनर द्यावा. त्याला खर्च अगदी किरकोळ येतो. ते जमत नसेल तर निदान चेनचा प्रकार आणि नंबर लेबलवर छापावा, म्हणजे गावच्या शिलाईच्या दुकानातूनही योग्य रनर मागता येईल.

आपला,
बॅगदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे